राघोत्तम मामंजींचा धनुर्मास

मद्रासला हिवाळा असतो ही बातमी मला लग्नानंतर कळली. मी सिन्नरची. आमच्याकडे पौषात पहाटे नळाला हात लावला की बोटं आपली की शेजारणीची ते समजत नाही. इथे वेस्ट मांबलमला रात्रीचा पंखा एक नंबर कमी केला की थंडी पडली म्हणतात, आणि रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत सगळी गल्ली कानटोप्या घालून हिंडते. मी आधी पोटभर हसायचे. आता हसण्याची सोय राहिली नाही, त्याचं कारण आमचे मामंजी.

मामंजी म्हणजे माझे सासरे, राघोत्तम राव. अड्यारला एका संस्थेत हेडक्लार्क होते, आता निवृत्त. घराणं तंजावरचं. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेमागून खाली उतरले आणि परत जायचं राहूनच गेलं. घरात मराठी बोलतात, पण असं की वाटावं, पोथीतलं कुणीतरी पिशवी घेऊन भाजीला निघालंय. माझा नवरा कार्तिक पेरुंगुडीच्या ऑफिसात इंग्रजी बोलतो, रस्त्यावर तमिळ बोलतो, आणि मराठीत फक्त भूक लागली एवढंच सांगतो.

तर या मामंजींचं वर्ष गुढीपाडव्याला नाही, दसऱ्याला सुरू होतं. नवरात्रात इथल्या पद्धतीनं मांडलेल्या बाहुल्या कागदात गुंडाळून माळ्यावर गेल्या की दुसऱ्या दिवशी तयारी सुरू. कसली, तर धनुर्मासाची. निम्म्या डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंतचा हा महिना. तमिळ लोक त्याला मार्गळी म्हणतात, आमच्या सिन्नरला धुंधुरमास. पहाटे उठून दारात मोठा कोलम काढायचा, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी. तिच्या मधोमध शेणाचा गोळा ठेवून त्यात लाल भोपळ्याचं पिवळं फूल खोचायचं. मग उजाडायच्या आत तूप निथळणारं पोंगल खायचं, म्हणजे आपली मुगाची खिचडीच, फक्त मिऱ्यांनी ठसका लावणारी. हा महिना मामंजी दर वर्षी तंजावरपलीकडच्या गावात काढायचे, थोरल्या बहिणीकडे. अन्नपूर्णाबाई त्यांचं नाव, आम्ही आत्याबाई म्हणतो. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, दोन खोल्यांच्या घरात एकट्या. एकटीनं धनुर्मास कसा करायचा, म्हणून धाकट्या भावानं जायचं. यात कधी खंड पडला नाही.

पहिल्या वर्षी ती तयारी बघून मला वाटलं, हे गृहस्थ बद्रीनाथला चाललेत. इथला पाऊस उलटा, ऐन दिवाळीत येतो. त्याच्याआधी गच्चीवरच्या पन्हळीतला पाला काढायचा, हे पहिलं काम. मग दोन सरींच्या मध्ये ऊन पडलं रे पडलं की लोकरीच्या शाली, मोजे, कानटोपी आणि एक खाकी स्वेटर घेऊन वर पळायचं. ढग आले की सगळं कवटाळून खाली. असं दिवसातून चारदा. सासूबाई जुन्या साड्यांची गोधडी शिवायच्या आणि मामंजी सुईत दोरा ओवून द्यायचे. तो त्यांना कधी ओवता यायचा नाही, पण सुई दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत.

दिवाळीच्या आदल्या दिवशी सुंठ, मिरी, पिंपळी कुटून गुळातुपात लेहिय शिजवायचं. ते औषध आहे असं सगळे म्हणतात. मामंजी कढईपाशी पाटावर बसून दुपारभर ढवळायचे आणि पाक झाला का ते बघायला इतक्यांदा चाटायचे की गावाला न्यायला निम्मंच उरायचं. मग हात धुवून गच्चीवर जायचे, ओल्या कठड्याला टेकून कॉफी प्यायचे आणि म्हणायचे, "पनि पडूं लागली." पनि म्हणजे दव. समोर धुण्याच्या दोऱ्यांवरून नुसतं पावसाचं पाणी गळत असायचं. पण त्या वेळी त्यांचा चेहरा असा खुलायचा की मीसुद्धा होय म्हणून जायचे.

आणि खरी गंमत पुढे आहे. गावाला जाताना हे गावच बरोबर घेऊन जायचे. गावात आता गाय नाही, ट्रॅक्टर आहे, दूध पिशवीतून येतं. तेव्हा शेण कुठून आणणार? मग कार्तिकनं मोबाइलवरून गोवऱ्या मागवायच्या. त्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून यायच्या, वर कधीपर्यंत वापराव्यात त्याची तारीख. मामंजी त्या गावी पाण्यात भिजवून पुन्हा शेण करायचे. ज्या मुलखात नजर जाईल तिथवर भात, तिथे हे मांबलमच्या गिरणीत दळलेलं तांदळाचं पीठ घेऊन जाणार, कारण गावची गिरणी बंद पडलेली. आणि भोपळ्याचं फूल? त्यासाठी गच्चीवर बादलीत वेल लावलेला. आदल्या रात्रीची फुलं नेली तर कोमेजतात, म्हणून आख्खा वेल बादलीसकट, काटकीला गुंडाळून, गाडीत. एका वर्षी तिकीट तपासनीस म्हणाला होता, हा प्रवासी कोण? मामंजी म्हणाले, "मजबरोबर आहे."

सासूबाईंचं नाव सरोजा. बाई कमी बोलतात. हा सगळा तमाशा त्या कॉफीच्या पेल्याआडून बघत असायच्या. मी एकदा विचारलं, तुम्ही का नाही जात बरोबर? म्हणाल्या, "बहीणभावांमध्ये मी कशास?" आणि मामंजींची गाडी सुटली की त्या महिनाभर सकाळी निवांत उठायच्या, भजनाला जायच्या, इडलीबरोबर चटणी करायची की नाही ते स्वतः ठरवायच्या. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दिसायला हवं होतं.

गेल्याच्या आदल्या धनुर्मासाहून मामंजी परत आले ते खोकतच. चार वाजता विहिरीचं गार पाणी डोक्यावर, मग ओल्या पंच्यानं आत्याबाईंच्या कोलमाला दिवा धरून उभं राहायचं. वय सत्तरीपलीकडचं. छातीत कफ धरला तो होळीपर्यंत सुटला नाही. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर परत खोकला सुरू झाला तशी मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छाती ऐकली आणि स्वच्छ सांगितलं, पहाटेचं दव नाही, गार पाण्याची अंघोळ नाही, गाव तर नाहीच नाही. मामंजींनी मान डोलावली, घरी आले, आणि स्वेटर घेऊन गच्चीवर वाळत घालायला गेले.

मी मागोमाग गेले. म्हटलं, "मामंजी, डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणूं दे."

"आणि छाती भरली तर?"

"मी न गेलों तर अक्का काय करील? वर्षभर त्या महिन्याची वाट बघते ती. मेलों तर मेलों, पण तिचें मन मोडणें मजकडून होणार नाही."

झालं. आता मला सांगा, घरातल्या माणसानं असं म्हटल्यावर सुनेनं काय करायचं? कार्तिक म्हणाला, अप्पा ऐकणार नाहीत. सासूबाई म्हणाल्या, बघूं. मी काही बघत बसणारी नाही. दुपारी मामंजी झोपल्यावर फोन उचलला आणि गावाला लावला. आत्याबाईंना सगळं सांगितलं, छाती, कफ, डॉक्टर. शेवटी म्हटलं, तुम्हीच त्यांना येऊ नको म्हणा, तुमचंच ऐकतील.

पलीकडून नाक ओढल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, म्हातारी रडतेय.

मग आत्याबाई म्हणाल्या, "म्हणजे यंदा तो खचित येत नाही?"

"नाही येऊ शकत, आत्याबाई."

"बरें झालें गे बाई."

मी फोन कानापासून काढून बघितला. आत्याबाई मात्र सुटल्या. इतक्या वर्षांचं साचलेलं बाहेर पडायला लागलं. त्यांना गुडघ्यांमुळे खाली बसून कोलम काढवत नाही. अकरा महिने त्या आठाला उठतात. उंबऱ्याबाहेर कोलमाचा स्टिकर चिकटवलाय, प्लास्टिकचा, तो पाण्यानं पुसला की झालं. मामंजी यायच्या आदल्या दिवशी तो सोलून कपाटात ठेवायचा आणि ते गेले की परत चिकटवायचा. भोपळ्याच्या वेलाची बादली दिसली की त्यांना दार लावून घ्यावंसं वाटतं. आणि पोंगलच्या तुपानं रोज पित्त होतं, ते वेगळंच.

"मग सांगितलं का नाही कधी त्यांना?"

"कसें सांगूं? त्यास केवढी हौस. दसऱ्यापासून तयारी करतो. तूं सुद्धां सांगूं नको हो, त्याचें मन मोडेल."

संध्याकाळी मी मामंजींना एवढंच सांगितलं की आत्याबाईंना तब्येतीचं कळवलंय आणि त्या येऊ नको म्हणतात. मला वाटलं, आता ओरडा बसणार. मामंजींनी हातातला स्वेटर मांडीवर ठेवला आणि हळूच विचारलं, "रडली काय?"

"नाही."

"खरेंच?"

"खरंच."

तेव्हा त्यांनी जो श्वास सोडला, त्यात कफ कमी आणि सुटका जास्त होती. मग तेही सुटले. त्यांना विहिरीच्या पाण्याची लहानपणापासून धास्ती. गावातले डास. झोपायची ती चटई. चार वाजता उठलं की दिवसभर डोकं जड. "पण अक्कास तेवढाच एक आनंद. तूं तिला हें बोलूं नको."

मी हात टेकले. दोन म्हातारी माणसं, एकमेकांच्या हौसेपायी वर्षानुवर्षं गार पाण्यानं अंघोळ करतायत आणि हौस तर कुणालाच नाही. पण म्हटलं, जाऊ दे, आता प्रश्नच मिटला. हे इकडे आठाला उठतील, त्या तिकडे आठाला उठतील, आणि वेल गच्चीवर सुखानं राहील.

माझं नशीब एवढं चांगलं असतं तर काय हवं होतं. धनुर्मास लागायच्या आदल्या दिवशी सकाळी आत्याबाई स्वतःच मांबलम स्टेशनवर उतरल्या. हातात एक पिशवी, काखेत पितळेचं पोंगलचं भांडं. भावाचा धनुर्मास चुकू नये म्हणून त्या तो इकडे घेऊन आल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे चारला आमच्या तिसऱ्या मजल्याच्या दारात गाव भरलं. आत्याबाई गुडघ्याखाली उशी घेऊन लिफ्टच्या समोर कोलम काढतायत. मामंजी कानटोपी घालून दिवा धरून उभे, अंघोळ तेवढी गरम पाण्यानं, ती डॉक्टरांमुळे. वॉचमन शेषाद्री तीन जिने चढून रोज बघायला यायचा. वाकताना आत्याबाई ओठ आवळायच्या. मामंजी जांभई गिळायचे. आणि दोघं एकमेकांकडे बघून म्हणायचे, "काय प्रसन्न वाटतें, नाही?"

आठवडाभर मी सोसलं. मग एका सकाळी पोंगल वाढत होते. आत्याबाईंनी पोटावर हात ठेवून आणखी तूप मागितलं आणि मामंजींना खोकल्याची उबळ आली. उबळ थांबली तसे ते म्हणाले, "उद्यां अर्धा तास अगोदर उठूं काय, अक्का?" माझं डोकं फिरलं. पळी खाली ठेवली आणि सगळं बोलून टाकलं. स्टिकर, विहीर, डास, पित्त, गुडघे, बादली, काही म्हणून बाकी ठेवलं नाही. म्हटलं, कुणालाही नको असलेली ही थंडी आता पुरे करा.

कार्तिक ताटात बघत राहिला. मी सासूबाईंकडे वळले, म्हटलं, "तुम्हाला तरी ठाऊक होतं का हे?"

"पहिल्या वर्षापासून," सासूबाई म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"मज एक महिना मोकळा मिळत असे."

दुसऱ्या दिवशी सगळे आठाला उठले. मला वाटलं होतं, आता दोघं हसतील, एकमेकांना चिडवतील, मी किती शहाणी म्हणून माझी पाठ थोपटतील. तसलं काही झालं नाही. मामंजी वर्तमानपत्र उघडून त्याच्यामागे बसले. आत्याबाई त्यांच्याकडे बघेनात. जेवायला दोघं वेगवेगळ्या वेळी आली. दुपारी बघते तर आत्याबाई पिशवी भरत होत्या. पितळेचं भांडं घासून पुसून पालथं घातलेलं.

"कुठे निघालात?"

"गांवास. आजचे रात्रीचे गाडीनें."

"अहो पण का? आता तर पहाटे उठायचंही नाही. राहा ना आरामात."

आत्याबाई पलंगाच्या कडेला बसल्या. साडीची घडी घालत घालत म्हणाल्या, "आणि काय म्हणून राहूं? भावाचे घरीं बहिणीनें उगीच कसें राहावें? मार्गळी होती म्हणून तो येत असे. मार्गळी होती म्हणून मी आलें. आतां ती दोघांसही नको, असें तूंच म्हणालीस."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मी भर पंगतीत उघडली होती. थंडी कुणालाच नको होती हे मला कळलं, पण त्या थंडीआड काय झाकलेलं होतं ते काही मला दिसलं नाही. वर्षातून एक महिना बहिणीसमोर बसून जेवायला भावाला एवढी एकच सबब होती. ती मी, सिन्नरच्या हुशार सुनेनं, खरं बोलून मोडून ठेवली. मला इतकं वाईट वाटलं की मी पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आता काय करणार. दर वर्षी आधी कारण आणि मग माणूस, असा यांचा रिवाज. कारणाशिवाय ही माणसं एकमेकांच्या दारात उभी राहायची नाहीत. कार्तिकला म्हटलं, आजची गाडी सगळी भरलीय म्हणून सांग, उद्याची बघू. तो मराठीत खोटं बोलू शकत नाही, पण तमिळमध्ये छान बोलतो.

दुसऱ्या दिवशी मी चारला उठले. थंडी कसली, चांगलं दमट होतं. गच्चीवर जाऊन वेलाचं फूल खुडलं, मामंजींच्या बादलीतली भिजलेली गोवरी घेतली, आणि दार उघडून बसले कोलम काढायला. मला कोलम येत नाही. आमची रांगोळी ठिपक्यांना ठिपके जोडत जाते, यांची ठिपक्यांना वळसे घालत फिरते. चिमटीतून पीठ सुटेना, सुटलं तर थांबेना. भांडी मात्र मी जरा जास्तच वाजवली.

मागे दाराचा आवाज झाला. आत्याबाई उभ्या होत्या, उशी काखेत.

"हें काय काढलेंस?"

"कोलम."

"कोलम? मुंग्यांची वारूळें आहेत हीं."

"मला शिकायचाय, आत्याबाई. फार दिवसांची हौस आहे. पण शिकवणार कोण? निदान संक्रांतीपर्यंत तरी बसायला हवं कुणी समोर."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. बाई काही मूर्ख नाहीत. मग त्यांनी एक स्टूल ओढलं, त्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "तो ठिपका पुसून टाक. बोटें अशीं धर." तेवढ्यात मामंजी आले. कानटोपी उलटी घातलेली, हातात दिवा.

"मी उगीच आलों," ते म्हणाले. "हिला दिसावें म्हणून."

"उजेड इकडे धर, राघू," आत्याबाई म्हणाल्या. "आणि तें मफलर नीट गुंडाळ."

पिशवी परत पलंगाखाली गेली. आत्याबाई संक्रांतीपर्यंत राहिल्या. स्टुलावर बसून मला शिव्या द्यायच्या, गुडघे दुखले नाहीत. मामंजींनी दिवा धरला, दारातल्या दारात, शाल घेऊन. पोंगलमधलं तूप मी निम्म्यावर आणलं, दोघांनीही ते लक्षात आलं नसल्याचं दाखवलं. घरात तोंड पाडून फिरत होत्या त्या एकट्या सासूबाई, कारण त्यांचा मोकळा महिना गेला. जाताना आत्याबाई म्हणाल्या, या पोरीचा हात अजून वळत नाही, पुढल्या वर्षी यावें लागेल. मामंजी म्हणाले, होय, दोन वर्षें तरी लागतील. आणि त्याच दुपारी त्यांनी भोपळ्याचं बी वाळत घातलं.

यंदाचा दसरा परवा झाला. सकाळी मामंजींनी मला एक पुडकं आणून दिलं. आत लोकरीची कानटोपी, माझ्या मापाची, जांभळी. पहाटे उठायची तुला केवढी आवड, म्हणाले, डोकें झांकलेलें बरें. मी म्हटलं, हो ना मामंजी, पहाटेसारखं सुख नाही.